उजवा अंगठा

दुबईशेजारच्या अजमानचं घर आम्ही वकिलाशिवाय घेतलं होतं. बिल्डरच्या ऑफिसात एक हसतमुख मुलगी होती. तिने आम्हाला खजूर दिले, छोट्या कपात कावा, म्हणजे अरबी कॉफी दिली आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवून जिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या तिथे सह्या करायला सांगितल्या. माझ्या नवऱ्याने केल्या. "मॅडमचं नाव पण टाकायचं का?" असं तिने हिंदीत विचारलं होतं. पण त्यासाठी निकाहचा अटेस्ट केलेला दाखला लागणार होता, आणि तो रत्नागिरीकडे गावच्या घरी कपाटात पडला होता. "नंतर टाकू," ते म्हणाले. मी हळूच म्हटलं, एखाद्या वकिलाला दाखवून घेऊ या का कागद? तर ते हसले. "वकील कशाला? आपण काय चोरी करतोय?"

नऊ वर्षं आम्ही त्या दोन खोल्यांत सुखाने राहिलो. ते रोज शारजात रोल्लाच्या बाजारात जायचे, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या होलसेल दुकानात काउंटर सांभाळायचे. मी एका भारतीय शाळेच्या लायब्ररीत होते. मुलगी तिथेच वाढली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. "नंतर टाकू" ते राहूनच गेलं.

मग एका सकाळी दुकानात फोनवर बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली. दुकानातल्या सोबत्याने मला पुढे सांगितलं की, ते कुणाला तरी "यल्ला, भेजता हूँ" म्हणत होते, आणि त्यातलं 'भेजता हूँ' काही केल्या बाहेर येईना. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि मग स्टुलावरून उजवीकडे कलंडले.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दोन महिन्यांनी त्यांना अल ऐनला हलवलं, कारण लांबच्या आजाराच्या पेशंटसाठी तिथल्या हॉस्पिटलात खाट रिकामी होती. मी आठवड्यातून तीनदा शाळा सुटल्यावर जुबैल स्टेशनवरून बस धरायची. दोन तासांहून जास्त वाळवंट. जाताना मी त्यांना काय सांगायचं ते मनात जुळवायची. येताना काही जुळवायला उरलेलं नसायचं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता औषधांपेक्षा फिजिओथेरपी आणि घरची माणसं लागतील, वर्षानुवर्षं. दुकानाच्या कंपनीनेही स्पष्टच सांगितलं. इन्शुरन्स वर्षाअखेरीपर्यंत चालेल, मग यांचं नाव त्यातून काढणार. म्हणजे त्याआधी त्यांना गावी न्यायला हवं. स्ट्रेचरवरून न्यायचं तर विमानातल्या सहा सीट घ्याव्या लागतात, बरोबर नर्स लागते. गावी गेल्यावर पुढचं सगळं होतंच. आमच्याकडे विकण्यासारखं एकच होतं. ते घर.

गिऱ्हाईक शोधायला लागलंच नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणारं केरळचं तरुण जोडपं होतं. तिला सातवा महिना होता. बाळंतपणाआधी स्वतःच्या घरात जायचं त्यांच्या मनात होतं. भाव ठरला, तिने माझा हात हातात घेऊन दाबला. मला वाटलं, अल्लाने एक दार बंद केलं तरी दुसरं उघडलं.

घर माझ्या नवऱ्याच्या नावावर. सही त्यांचीच लागणार. त्यांना जाता येत नव्हतं म्हणून त्यांच्या वतीने मला सही करता यावी, अशी पॉवर ऑफ अटर्नी करायची ठरली. नोटरीचं काम हल्ली व्हिडिओ कॉलवर होतं. मी हॉस्पिटलात त्यांच्या खाटेजवळ टॅब धरून बसले. त्यांची दाढी मी स्वतः केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावरचा अधिकारी सभ्य होता.

"सर, आपका नाम बोलिए."

त्यांचे ओठ हलले. "ब..." बाहेर आलं. त्यांच्या नावात 'ब' कुठेच नाही.

"सर, सिर्फ नाम."

"ब... ब..."

अधिकारी थांबला. चांगलं अर्धं मिनिट थांबला. मी त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणत होते, म्हणा ना, म्हणा. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मग अधिकारी म्हणाला, "सॉरी मॅडम. ये नहीं हो सकता. आप वकील कर लो." आणि पडदा काळा झाला.

त्या दिवसापासून मी वकील शोधायला लागले.

शाळेतल्या बायकांनी कार्डं आणून दिली. कुणाच्या दिराच्या ओळखीचा, कुणाच्या मालकाचा, कुणी नुसतंच नाव ऐकलेलं. जेवणाच्या टेबलावर मी ती मांडून ठेवायची आणि मुलीला विचारायची, "यातला कुठला?" ती म्हणायची, "मम्मा, हाऊ वुड आय नो?" खरंच होतं. मलाही कुठे माहीत होतं? डॉक्टर कसा निवडायचा ते आपल्याला थोडंफार कळतं. वकील कसा निवडायचा हे आमच्या घरात कधी कुणाला कळायची वेळच आली नव्हती.

पहिला वकील दुबईत, काचेच्या उंच बिल्डिंगमध्ये. लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले. एका तासाच्या सल्ल्याचे हजार दिरहॅम आधी भरायचे होते, म्हणजे तेवीस हजार रुपये. मी ते काउंटरवर पुटपुटले तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी ऐकून न ऐकल्यासारखं हसली. वकील तरुण होता, गोरा, फार अदबीने बोलणारा. त्याने सगळं लिहून घेतलं. माझ्या बोलण्यात मी दोनदा रडले, तेव्हा त्याने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मला आवडलं. पण अजमानच्या कोर्टात तो स्वतः उभा राहणार नव्हता, दुसऱ्याला पाठवणार होता. तो दुसरा कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी ई-मेलवर त्यांच्या फीचा कागद आला. तो मी मुलीला दाखवलादेखील नाही.

दुसरा रोल्लाचा. तो आमच्याच किनाऱ्याकडचा, आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडचा. टायपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. खाली लोक व्हिसाचे फॉर्म भरायला रांगेत, वर हा. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे. भिंतीवर वकिलीची सनद कुठे दिसत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याने मला पाहताक्षणी उठून खुर्ची दिली, आमच्या बोलीत म्हणाला, "या भाभी, बसा. भाईचं कळलं मला. दुआ करतोय." परदेशात आजारी माणसाच्या बायकोला कुणी आपल्या बोलीत "बसा" म्हटलं, की तिची निम्मी अक्कल तिथेच गळून पडते. माझी पडली.

त्याने माझं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "यात कोर्टाचं काही काम नाही. कोर्टात गेलात तर वर्ष जाईल. भाईंचा फक्त अंगठा आणा."

"कशावर?"

"पॉवर ऑफ अटर्नीवर. गावाकडची करू. भाई गेल्या वर्षी मे महिन्यात गावी होते ना? त्या तारखेची. तिकडे माझा माणूस आहे, तो नोंद बघेल, शिक्के बघेल. इथे भाषांतर मी करतो. पंधरा दिवसांत खलास."

"पण मेमध्ये तर ते धडधाकट होते. तेव्हा सही करत होते."

"हाताला लागलं होतं, असं लिहू." तो हसला नाही, अगदी मायेने म्हणाला. "भाभी, तुम्ही कुणाचं काही घेताय का? तुमचंच घर, तुमचाच नवरा. हा नुसता कागदाचा अडथळा आहे."

मला ते पटलं. पटलं असं म्हणणंही खोटं आहे. मला पंधरा दिवस हवे होते आणि तो मला पंधरा दिवस देत होता. मी घराचा मूळ दाखला, दोघांचे पासपोर्ट, सगळं त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने मला तीन कागद आणि निळ्या शाईचा एक छोटा पॅड दिला. "उजवा अंगठा बरं का," तो म्हणाला.

अल ऐनला त्या दिवशी मी दुपारीच पोचले. भेटायची वेळ नुकतीच सुरू झाली होती. ते उशांना टेकून बसले होते, खिडकीबाहेर माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता ते बघत होते. मी दिसताच त्यांचा चेहरा डाव्या बाजूने हलला. ते त्यांचं हसू होतं. मी पडदा ओढून घेतला.

मी त्यांना सांगितलं होतं का, की मी काय करणार आहे? नाही. मी म्हणाले, "जरा हात द्या." उजवा हात मी स्वतःच उचलला. तो देण्याघेण्याच्या पलीकडे गेलेला हात होता, कोमट, जड, झोपलेल्या मुलाच्या हातासारखा. मी अंगठा पॅडवर दाबला. पहिल्या कागदावर ठसा उठला. स्वच्छ, गोल. इतकं सोपं होतं ते. नऊ महिन्यांत माझ्या हातून एवढं सोपं काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या कागदाला मी त्यांचा अंगठा टेकवणार, तेवढ्यात मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. त्या निळ्या झालेल्या, स्वतःच्या पण स्वतःला न कळणाऱ्या बोटाकडे. मग त्यांचा डावा हात आला आणि कागदावर पालथा पडला.

"काढा ना हात," मी म्हटलं.

त्यांनी काढला नाही.

"अहो, काढा. आपल्याला घरी जायचंय ना?"

त्यांच्या घशातून आवाज आला. मला आजही ठामपणे सांगता येणार नाही की तो नकार होता. कदाचित त्यांना मी काय करते तेच कळलं नसेल, कदाचित त्यांना फक्त माझा हात धरायचा असेल. पण मी त्यांचा तो हात जोर लावून बाजूला सारला. आजारी माणसाचा हात. मी सारला. आणि त्यांनी तो पुन्हा आणून ठेवला.

तेवढ्यात नर्स आली. ठेंगणी, फिलिपिनो, कायम कसलं तरी गाणं गुणगुणणारी. तिने शाईचा पॅड पाहिला, अंगठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, व्हॉट इज धिस?"

"बँकेसाठी," मी खोटं बोलले.

ती आत गेली, ओला रुमाल घेऊन आली आणि त्यांचा अंगठा पुसायला लागली. नखाच्या कडेची शाई निघेना, तर तिने स्पिरिट लावून कापसाने ती काढली. एक एक रेघ. जणू अंगठा दुखतोय अशा बेताने. मी पायथ्याशी उभी राहून ते बघत होते आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये माझ्या मनात एक विचार आला, तो इथे लिहिते कारण नाही लिहिला तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. मला वाटलं, हे त्या दिवशी दुकानातच कायमचे गेले असते तर सोपं झालं असतं. मी रडले असते, आणि कागद वारसांच्या नावावर झाले असते. बसमध्ये गार हवा होती, तरी मला घाम आला. शेजारी बसलेल्या बंगाली बाईने मला पाण्याची बाटली दिली. तिला वाटलं बस लागली.

घरी मुलीने पर्समधला कागद पाहिला. तिने तो दोनदा वाचला.

"मम्मा, धिस इज फोर्जरी."

"तुझ्या बापाला घरी न्यायचंय मला."

"आय नो. पण इफ दे कॅच यू, हू टेक्स हिम होम? मी?" शेवटचा शब्द तिने मराठीत उच्चारला की इंग्रजीत ते मला कळलं नाही. दोन्हीकडे तो प्रश्न तसाच होता. ती रडली नाही. तिने तो कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याची घडी दाबत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि दहा वाजता रोल्लाला गेले. "कागद परत द्या," मी म्हटलं. "मला हे करायचं नाही."

त्याचा चेहरा बदलला नाही. "भाभी, घाबरलात. होतं असं. दोन दिवस विचार करा."

"घराचा दाखला द्या. पासपोर्ट द्या."

"ते गावी पाठवायच्या फाइलीत आहेत. माझा माणूस बाहेर गेलाय. उद्या या."

मला त्या क्षणी कळलं, की मी उद्या आले तर परवा या म्हणेल. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. "मी थांबते," म्हटलं.

मी पाच तास बसले. लोक येत होते, जात होते. प्रत्येक जण बसायच्या आधी मला विचारायचा, बहन, आपका नंबर है क्या? आणि मी प्रत्येकाला सांगायची, मोठ्याने, "नहीं. मेरे घर के कागज इनके पास हैं, वो वापस लेने बैठी हूँ." पहिल्यांदा म्हणताना माझा आवाज कापला. चौथ्यांदा कापला नाही. दुपारची, जोहरची अजान झाली, तो नमाजला उतरला, परत आला, मी तिथेच. मी बाथरूमलाही गेले नाही, कारण दार बंद झालं तर पुन्हा उघडणार नाही अशी मला भीती होती.

माझ्या शेजारी एक म्हातारा पठाण ड्रायव्हर बसला होता, व्हिसाच्या कामासाठी. त्याने माझी हकिकत ऐकली आणि खाली मान घालून म्हणाला, "बहन, कोर्ट का काम है तो कोर्ट के सामने जाओ. रोल्ला में कपड़ा लो, बर्तन लो." तो त्याच्या कामासाठी थांबला होता, तरी उठून टेबलाजवळ गेला आणि म्हणाला, "इस बहन का कागज दे दो. फिर मेरा काम करना. नहीं तो मैं भी बैठा हूँ." आणि तो खरंच माझ्या शेजारी येऊन बसला.

तीन वाजता दाखला आणि पासपोर्ट निघाले. वकीलसाहेबाच्याच ड्रॉवरमधून. माझ्या हातात देताना तो अजूनही मायेनेच म्हणाला, "भाभी, माझी दुआ आहे. पण वर्षभर रडाल." ठसा असलेला कागद मी बरोबर आणला होता, तो जिन्यावरच फाडला. तुकडे पर्समध्ये टाकले, रस्त्यावर टाकायचं धाडस झालं नाही.

अजमानच्या कोर्टासमोर वकिलांच्या ऑफिसांची रांग आहे. मी पहिल्या दारापासून सुरुवात केली. पहिलं बंद. दुसऱ्यात साहेब अबूधाबीला गेलेले. तिसऱ्यात एक तिथलीच, इमराती बाई होती, पन्नाशीची, अबाया घातलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला. ती स्वतःच फाइलींना भोकं पाडत बसली होती. तिचं हिंदी तिच्या लहानपणीच्या आयाकडून आलेलं, मोडकंतोडकं, पण थेट.

मी बसले आणि पहिलं वाक्य हेच बोलले की माझ्याकडून चूक होणार होती. मग सगळं सांगितलं. अंगठ्यासकट. ती ऐकत राहिली. मधेच तिने मशीन खाली ठेवलं.

"वो कागज किधर?"

मी पर्समधले तुकडे दाखवले. तिने ते हातात घेतले, माझ्या देखत कागद कातरायच्या मशीनमध्ये घातले आणि म्हणाली, "खलास. अब सुनो. मैं अच्छा बात नहीं बोलेगा."

आणि तिने खरंच एकही चांगली गोष्ट सांगितली नाही. कोर्टात अर्ज करावा लागेल की ते स्वतःचा कारभार बघू शकत नाहीत. डॉक्टरांची समिती तपासेल. न्यायाधीश बघतील. मग मला त्यांची पालक नेमतील. तेव्हाही घर विकायला वेगळी परवानगी लागेल, आणि येणारे पैसे कशावर खर्च होणार त्याचा हिशेब कोर्टाला द्यावा लागेल. चार महिने, कदाचित सहा.

"इन्शुरन्स तीन महिन्यांत संपतोय," मी म्हटलं.

"मालूम. तुम बोला."

"गिऱ्हाईक थांबणार नाही."

"नहीं रुकेगा."

"काहीतरी लवकरचा मार्ग असेल ना? इन्शाल्ला?"

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. "इन्शाल्ला मैं भी बोलता है. लेकिन जो वकील तुमको पंद्रह दिन बोला, वो तुम्हारा वकील नहीं था. वो तुम्हारा डर का वकील था." मग तिने असा प्रश्न विचारला, जो आधीच्या दोघांपैकी कुणीच विचारला नव्हता. "तुम्हारा आदमी क्या चाहता है? उसको घर जाने का है?"

मी म्हटलं, "त्यांना बोलता येत नाही."

"वो मैंने नहीं पूछा."

 आजारपण आल्यापासून मी त्यांच्यासाठी सगळं करत होते, त्यांच्या वतीने सगळं ठरवत होते, आणि त्यांना काय हवं हे विचारायचं थांबले होते. ती म्हणाली, "मैं शनिवार को अल ऐन आएगा. मेरा बहन उधर रहता है. पहले मैं उसको देखेगा, बाद में फाइल लेगा." फीचा आकडा तिने कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, निम्मी फी घर विकल्यावर.

मी तिची निवड केली असं मी लोकांना सांगते. खरं तर माझ्याजवळ निवडायला काही उरलं नव्हतं. पण शनिवारी ती आली. खुर्ची खाटेच्या डाव्या बाजूला ओढून बसली, कारण उजवीकडचं त्यांना नीट दिसत नाही हे तिने आल्या आल्या हेरलं होतं. मला तिने बाहेर उभं केलं. दाराच्या काचेतून मी बघत होते. ती बोलत होती, थांबत होती, ते डावा हात उचलत होते. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. "घर बेचने का बोला तो हाथ उठाया. इंडिया बोला तो दो बार उठाया. तुम पे भरोसा है पूछा..." ती थांबली. "बहुत देर हाथ ऊपर रखा. मैंने बोला, बस, नीचे करो."

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडले. लाज वाटली म्हणून रडले. ती शेजारी उभी राहून फोनवर कुणाशी तरी अरबीत बोलत राहिली, माझ्याकडे न बघता.

पुढचे महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. अर्ज, भाषांतरं, एक रिपोर्ट परत आला कारण त्यांच्या नावाचं अरबी स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नव्हतं. पुन्हा सगळं. केरळचं जोडपं थांबलं, आणखी थोडं थांबलं, मग एका संध्याकाळी ती पोट सावरत वर आली आणि दारातच म्हणाली, "सॉरी चेची." चेची म्हणजे ताई. त्यांनी शारजात दुसरं घर घेतलं. मी तिला बाळासाठी शिवलेली गोधडी दिली. दार लावल्यावर मी फरशीवर बसले ती, मुलगी कॉलेजातून येईपर्यंत उठले नाही.

इन्शुरन्स संपला. हॉस्पिटलच्या ऑफिसात मी दर आठवड्याला उभी राहायची, तेव्हा वकीलबाईचं एक पत्र माझ्या हातात असायचं, कोर्टाच्या अर्जाचा नंबर टाकलेलं. त्या पत्राच्या बळावर हॉस्पिटलने त्यांना खाटेवरून हलवलं नाही. तिने मला एकदाही "होईल" असं म्हटलं नाही. मी फोन केला की म्हणायची, "आज कुछ नहीं." त्या "आज कुछ नहीं"वर मी विसंबायला लागले, कारण काही झालं असतं तर तिने सांगितलं असतं, एवढं मला कळलं होतं.

सुनावणीही व्हिडिओवरच झाली. पुन्हा मी दाढी केली, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. मला भीती वाटत होती की न्यायाधीश पुन्हा नाव विचारतील. त्यांनी विचारलं नाही. दुभाष्यामार्फत त्यांनी म्हटलं, "ही बाई तुमची कोण लागते ते दाखवता येईल का?" माझ्या नवऱ्याने डाव्या हाताने माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि ओढलं. मी त्यांच्या बाजूला झुकले. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं.

आदेश यायला आणखी पाच आठवडे लागले. विक्रीची परवानगी त्याच्यानंतर. नवं गिऱ्हाईक मिळालं ते आधीच्यापेक्षा कमी भावात. हॉस्पिटल, फी, विमान सगळं भागून गावी जे नेलं ते फार थोडं होतं. रोल्लाच्या माणसाने म्हटल्याप्रमाणे मी रडले, जवळजवळ वर्षभर. ते त्याचं खरं ठरलं. विक्रीची सही करायच्या दिवशी काउंटरवरच्या कागदात मला माझ्या नावापुढे अरबीत एक शब्द दिसला. वकीलबाईने वाचून दाखवला, त्याचा अर्थ 'यांच्या वतीने'. तिने माझ्याबरोबर तिथे दोन तास उभं राहून काढले, तिला खुर्ची दिली तरी बसली नाही.

मुलगी तिथेच राहिली, तिला नोकरी लागली होती. एअरपोर्टवर तिने बापाच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि मराठीत म्हणाली, "पप्पा, मी येते हां सुट्टीत." ते मराठी तिने कितीतरी वेळ मनात घोकलं असावं.

विमानात सहा सीट पाडून त्यावर स्ट्रेचर बांधलेला होता, भोवती पडदा. मुंबईहून अॅम्ब्युलन्स केली. पनवेल सोडलं तेव्हा उजाडलं होतं. ते खिडकीकडे तोंड करायला धडपडत होते, पण बांधलेले असल्याने त्यांना नुसतं आभाळ दिसत होतं. म्हणून मी बाहेर बघून त्यांना पाट्या वाचून दाखवायला लागले. पेण. वडखळ. नागोठणे. कोलाड. ड्रायव्हर आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल बाई भ्रमिष्ट आहे. माणगावला चहासाठी गाडी थांबली. मी त्यांना चमच्याने दोन घोट दिले. थोडा ओघळला, तो मी पदराने पुसला. त्यांनी डावा हात उचलून पुढच्या रस्त्याकडे केला, की चला. अजून महाड, पोलादपूर, कशेडीचा घाट, सगळंच पुढे होतं.